वीस मिनिटं काहीच झालं नाही

मुलीला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे हे आई-वडिलांना ठाऊक होतं. मुलीलाही ठाऊक होतं. वडील स्वतः डॉक्टर होते. अॅड्रेनलिनची इंजेक्शनं सोबत होती. शेंगदाणा तोंडात गेला हे पहिल्या काही क्षणांतच लक्षात आलं होतं. एवढं सगळं जागच्या जागी असूनही २६ जुलै २०१३ च्या शुक्रवारी रात्री, कॅलिफोर्नियातल्या कॅम्प सॅक्रामेंटोत गेलेली ती तेरा वर्षांची मुलगी वाचली नाही.

अॅलर्जीच्या बहुतेक दुर्घटनांत एखादा ढिसाळपणा सापडतो आणि वाचणारा मनातल्या मनात म्हणतो, आम्ही असं केलं नसतं. इथे ती सोय नाही. या आई-वडिलांनी जे केलं ते त्या काळच्या शिकवणुकीला धरून केलं. गफलत होती ती शिकवणुकीत: आधी लक्षणं दिसू द्या, मग इंजेक्शनचं बघा. म्हणून हा घटनाक्रम मिनिटांचा आहे. घास तोंडात गेला ते शून्य मिनिट. बाकीचं सगळं त्याच्या मागचं किंवा पुढचं.

तेरा वर्षं आधी

ही मुलगी तान्ही होती त्या सुमारास, २००० साली, अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एक सल्ला दिला होता. ज्या बाळांना अॅलर्जीचा धोका जास्त, त्यांना तीन वर्षांची होईपर्यंत शेंगदाणा द्यायचा नाही. सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. आठ वर्षांनी, २००८ मध्ये, संघटनेने तो मागे घेतला, कारण त्याने अॅलर्जी टळते असा पुरावा मिळत नव्हता.

त्याच वर्षी लंडनच्या गिडिऑन लॅक यांच्या गटाने इंग्लंडमधल्या आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची तुलना प्रसिद्ध केली. वंश मिळताजुळता, खाणं वेगळं. इस्रायलमध्ये ‘बांबा’ नावाचे शेंगदाण्याचे कुरकुरे बाळाला दात येण्याच्या वयातच हातात मिळतात. इंग्लंडमधल्या मुलांत शेंगदाण्याची अॅलर्जी १.८५ टक्के निघाली, इस्रायलमधल्या मुलांत ०.१७ टक्के. या एका मुलीला अॅलर्जी कशामुळे झाली हे कोणीच सांगू शकत नाही. तिची पिढी मात्र शेंगदाणा लांब ठेवण्याच्या काळात वाढली, हे खरं.

अॅलर्जी पहिल्या भेटीत दिसत नाही. शेंगदाण्यातलं प्रथिन कधीतरी, बऱ्याचदा इसबाने फुटलेल्या त्वचेतून, शरीरात जातं आणि प्रतिकारयंत्रणा त्याला शत्रू समजून बसते. ‘आयजीई’ जातीच्या अँटिबॉडीज तयार होतात आणि मास्ट नावाच्या पेशींवर जाऊन चिकटतात. या पेशी त्वचेखाली असतात, श्वासनलिकेच्या अस्तरात असतात, आतड्यात असतात, हृदयातही असतात. प्रत्येकीच्या पोटात हिस्टामिन आणि तसलीच इतर द्रव्यं भरलेली. पुढे शरीराच्या कोणत्या भागात काय दिसणार, याचा नकाशा या पेशींच्या जागांवरूनच ठरतो.

त्या संध्याकाळी

कॅम्प सॅक्रामेंटो हे सॅक्रामेंटो शहराच्या पालिकेचं कौटुंबिक शिबिर. सिएरा नेवाडाच्या डोंगरात, लेक टाहोकडे जाणाऱ्या महामार्गाच्या जवळ. आई-वडील, मुलं, मित्रमंडळी एकत्र राहतात, एकत्र जेवतात.

जेवणानंतरच्या गोडात राइस क्रिस्पी ट्रीट होत्या. फुगवलेल्या तांदळाचे दाणे वितळलेल्या मार्शमेलोत घोळवून थापलेल्या वड्या. अमेरिकेतल्या कोणत्याही मुलाच्या ओळखीचा खाऊ, आणि एरवी त्यात शेंगदाणा नसतो. या वड्यांत पीनट बटर मिसळलेलं होतं आणि वरून चॉकलेटचा थर होता. तपकिरीवर तपकिरी, त्यात अंधार पडलेला. नजरेला काही वेगळं दिसण्यासारखं नव्हतं.

मराठी स्वयंपाकघराला हे नवं नाही. कूट घातल्यावर वांग्याच्या भाजीचा रस्सा दाट होतो, काकडीची कोशिंबीर मिळून येते, आणि कूट मात्र दिसेनासं होतं. दाणा दिसला तर मूल हात मागे घेतं. कूट आणि बटर यांच्यापुढे त्याची नजर कामाची नाही. राहता राहते ती जीभ.

शून्य मिनिट

तिने घास घेतला. चव वेगळी लागली. तिने तो थुंकून टाकला आणि सरळ आई-वडिलांकडे गेली. आईने वडीचा टोकाचा तुकडा जिभेवर ठेवून पाहिला. शेंगदाणाच होता.

तेरा वर्षांच्या मुलीने याहून बरं काय करायचं? ओळखलं, थुंकलं, लपवलं नाही, लगेच सांगितलं. या वयातली कितीतरी मुलं चारचौघांत लाज वाटते म्हणून बोलत नाहीत, एकटीच बाथरूममध्ये जातात आणि तिथेच कोसळतात.

पण थुंकल्याने हिशेब कोरा होत नाही. एका शेंगदाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम प्रथिन असतं आणि तीव्र अॅलर्जी असलेल्या काहींना त्यातले थोडे मिलिग्रॅमही पुरतात. पीनट बटर चिकट. दातांच्या फटीत आणि टाळूला लागून राहतं. शिवाय शेंगदाण्याची मुख्य अॅलर्जिक प्रथिनं चिवट असतात. भाजल्याने ती निवत नाहीत आणि पोटातल्या पाचकरसांनाही सहज दाद देत नाहीत.

या क्षणी दोन गोष्टी पक्क्या होत्या: मुलीला अॅलर्जी आहे आणि शेंगदाणा तोंडात गेला आहे. तिसरी गोष्ट, म्हणजे शरीर काय करणार, ती कळायची होती.

पहिली पाच मिनिटं

शेंगदाण्याचं प्रथिन मास्ट पेशींवरच्या अँटिबॉडीजना भेटलं की पेशी आतली द्रव्यं बाहेर सोडतात. ती त्वचेखाली सांडली तर खाज आणि गांधी. घशाशी सांडली तर सूज. श्वासनलिकांभोवती सांडली तर नळ्या आवळतात. आतड्यात सांडली तर कळा आणि उलटी. रक्तवाहिन्यांपाशी सांडली तर वाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. यातलं आधी काय, नंतर काय, याला क्रम नाही. एकाच माणसाला दोन वेळा दोन वेगळ्या तऱ्हेने होऊ शकतं. मागच्या खेपेला नुसत्या गांधी उठल्या होत्या, यावरून या खेपेचं काहीच सांगता येत नाही.

पहिल्या मिनिटांत ओळखण्याजोगं जे असतं ते बहुतेक तोंडात असतं. ओठांना मुंग्या, टाळूला आणि कानाच्या आत खाज, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं. लहान मुलांना हे नीट सांगता येत नाही. गोड खीर खाताना मूल ‘तिखट लागतंय’ म्हणतं, ‘जिभेला टोचतंय’ म्हणतं, ‘घशात केस गेलाय’ म्हणतं, जीभ बाहेर काढून हाताने पुसत राहतं. याला नखरे म्हणून गप्प करणं सोपं असतं. त्याहून धाकटं बाळ नुसतं किरकिरतं, कान ओढतं, किंवा एकाएकी मलूल होऊन खांद्यावर मान टाकतं.

या मुलीच्या बाबतीत पाच मिनिटं झाली आणि यातलं काहीही दिसलं नाही.

पाच ते वीस मिनिटं

आई-वडिलांनी तिला बेनाड्रिल दिलं आणि तिच्यावर लक्ष ठेवलं. बेनाड्रिल हे अॅलर्जीवरचं औषध अमेरिकेत घरोघरी असतं. आपल्याकडे सेट्रिझिन असावं तसं. मुलगी म्हणत होती, मला काही होत नाही. अंगावर गांधी नाहीत, ओठ सुजलेले नाहीत, आवाज स्वच्छ, श्वास बरोबर.

या घटनाक्रमात थांबून बघायची जागा हीच. दोन कारणांसाठी.

पहिलं कारण म्हणजे ते औषध. अशी औषधं हिस्टामिनचा एक रस्ता अडवतात. त्याने खाज कमी होते, गांधी बसतात. तोंडाने घेतल्यावर परिणाम जाणवायला अर्धा तास, कधी जास्तही लागतो. श्वासनलिकेच्या आवळण्यावर, घशाच्या सुजेवर, कोसळणाऱ्या रक्तदाबावर त्यांचा इलाज चालत नाही. वाईट म्हणजे त्वचेवरची खूण पुसली जाते आणि आतलं तसंच चालू राहतं. अंगावर काही दिसत नाही, म्हणजे औषधाने काम केलं, असा घरच्यांचा समज होतो. त्यातल्या जुन्या औषधांनी, बेनाड्रिल त्यातलंच, झोपही येते. मग पेंगणारं मूल औषधाने पेंगतंय की रक्तदाब उतरल्याने, हे कळेनासं होतं.

दुसरं कारण म्हणजे वेळ. ब्रिटनमधले डॉक्टर रिचर्ड पम्फ्री यांनी १९९२ ते १९९८ या काळात तिथे अॅनाफिलॅक्सिसने, म्हणजे सगळ्या शरीराला वेढणाऱ्या तीव्र अॅलर्जीने, झालेल्या मृत्यूंचा अभ्यास २००० साली मांडला. इंजेक्शनमधून गेलेल्या औषधाने आलेल्या झटक्यात श्वास किंवा हृदय थांबायला मध्यमानाने ५ मिनिटं लागली होती. मधमाशी-गांधीलमाशीच्या दंशाने १५ मिनिटं. अन्नाने ३० मिनिटं.

म्हणजे अन्नाचा घातक झटका सावकाश येतो, पण आल्यावर उसंत देत नाही. घासानंतरची वीस मिनिटं काही न होता गेली, तर माणूस म्हणणार, टळलं. पम्फ्रींच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिलं तर वीस मिनिटांत त्या मुदतीतला दोन तृतीयांश भाग संपलेला असतो. लक्षणं नसणं हे लक्षण नाही, आणि सुटकेचा दाखला तर नाहीच. शेंगदाण्याचा परिणाम बहुतेक वेळा मिनिटांत दिसतो, पण दोन तासांपर्यंत कधीही दिसू शकतो.

त्या काळी कितीतरी कुटुंबांना सांगितलं जाई: खाल्लं गेलं पण लक्षण नाही, तर अॅलर्जीची गोळी किंवा सिरप द्या आणि बघत राहा, दम लागला तर इंजेक्शन. इंजेक्शन हा शेवटचा उपाय, जपून ठेवायचा. त्याच्या जाड सुईचीही धास्ती असते, आणि ते टोचलं की इस्पितळात जावं लागतं म्हणूनही हात मागे राहतो. त्या पंधरा मिनिटांत या घरातली माणसं बेसावध नव्हती. ती बघत होती. शिकवलेल्या जागी बघत होती.

विसावं मिनिट

मुलीला उलटी झाली.

गांधी नाहीत, खाज नाही, ओठ सुजलेले नाहीत, आणि एकदम उलट्या. शेंगदाण्याची अॅलर्जी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे लाल चट्टे आणि सुजलेला चेहरा येतो. अॅनाफिलॅक्सिसच्या दहा ते वीस टक्के रुग्णांत त्वचेवर काहीच उमटत नाही. पोटाच्या लक्षणांवर तर पटकन कोणी संशयही घेत नाही. लग्नाच्या जेवणावळीनंतर मुलाने उलटी केली की आपण म्हणतो जास्त झालं असेल, ऊन लागलं असेल, पित्त झालं असेल. आणि लिंबू-साखरेचं पाणी आणायला जातो.

म्हणून डॉक्टर लक्षणांची यादी पाठ करायला सांगत नाहीत. शरीराचे विभाग मोजायला सांगतात. त्वचा: गांधी, खाज, चेहऱ्यावर लाली, ओठ-पापण्या सुजणं. श्वास: एकाएकी सुरू झालेला कोरडा खोकला, बसलेला किंवा बदललेला आवाज, गिळायला त्रास, लाळ गळणं, छातीत सूं-सूं, धाप. रक्ताभिसरण: चक्कर, फिकट चेहरा, गार पडलेले हात, जलद आणि बारीक नाडी, शुद्ध हरपणं. पोट: मुरडा, पुन्हा पुन्हा उलटी, जुलाब. यांपैकी दोन विभागांत एकदम काही सुरू झालं, तर तो अॅनाफिलॅक्सिस धरायचा. श्वास किंवा रक्ताभिसरण यांतलं एकच लक्षण असलं तरी धरायचा. आणि अॅलर्जी असलेल्या माणसाने शेंगदाणा खाल्ल्याचं पक्कं ठाऊक असेल, वर उलट्या थांबत नसतील, तर त्वचेवर काही उमटायची वाट बघायची नाही.

आणखी एक लक्षण पुस्तकांत शेवटी येतं आणि रुग्णाच्या तोंडून कधीकधी सगळ्यात आधी: ‘मला काहीतरी भयंकर होतंय.’ कारण सांगता येत नाही, पण जीव घाबरा होतो. याला मनाचा खेळ समजू नये. शरीरातली उलथापालथ मेंदूला इतरांच्या आधी कळलेली असते.

त्यापुढची मिनिटं

उलटीनंतर सगळं भराभर घडलं. श्वासाचा मार्ग बंद होत गेला. वडिलांनी अॅड्रेनलिन टोचलं. पुन्हा टोचलं. तिसऱ्यांदा टोचलं. तिचं हृदय बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं नाही.

अॅड्रेनलिन हे शरीराचंच द्रव्य. ते सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करतं, घशाची सूज उतरवतं, हृदयाचा जोर वाढवतं आणि मास्ट पेशींतून होणारी गळतीही रोखतं. पाच कामं एकाच वेळी करणारं दुसरं औषध या प्रसंगात नाही. मग तीन इंजेक्शनांनी काम का झालं नाही?

एक कारण रक्ताच्या हिशेबात आहे. जोरदार अॅनाफिलॅक्सिसमध्ये केशवाहिन्या माठासारख्या पाझरू लागतात आणि रक्तातला द्रव आजूबाजूच्या मांसात उतरतो. दहा मिनिटांत फिरत्या रक्ताच्या आकारमानातला ३५ टक्क्यांपर्यंत भाग असा निघून जाऊ शकतो. हृदयात पंप करायला काही उरत नाही. त्या अवस्थेत मांडीत टोचलेलं औषध हृदयापर्यंत पोचवायचं तर रक्त वाहायला हवं, आणि तेच थांबत आलेलं असतं. सुरुवातीला जे इंजेक्शन पुरेसं ठरतं, तेच वीस मिनिटांनी तिप्पट देऊनही अपुरं पडू शकतं.

दुसरा पुरावा जुना आहे. अमेरिकेतले डॉक्टर ह्यू सॅम्पसन यांनी १९९२ मध्ये अन्नाच्या अॅलर्जीने मृत्यू झालेल्या सहा आणि मरता मरता वाचलेल्या सात मुलांची नोंद प्रसिद्ध केली. वाचलेल्या सातांपैकी सहा जणांना पहिल्या अर्ध्या तासात अॅड्रेनलिन मिळालं होतं. गेलेल्या सहांपैकी फक्त दोघांना ते पहिल्या तासात मिळालं होतं. मुलं थोडी आहेत, पण दिशा स्पष्ट आहे, आणि पुढच्या अभ्यासांनी ती बदललेली नाही.

वेळेवर दिलेलं औषधही दर वेळी जिंकतंच असं नाही. १७ जुलै २०१६ रोजी लंडनहून नीसला जाणाऱ्या विमानात नताशा एडनान-लापेरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी कोसळली आणि त्याच दिवशी दगावली. तिला तिळाची अॅलर्जी होती आणि विमानतळावर घेतलेल्या बगेटच्या पिठात तीळ होते. वेष्टणावर तसं लिहिलेलं नव्हतं. तिच्या बाबतीत सुरुवात घशाच्या खाजेने झाली, मग पोटावर मोठे लाल चट्टे उठले, मग श्वास. वडिलांनी दोन इंजेक्शनं दिली, तरी उपयोग झाला नाही. एकीला आधी उलटी, दुसरीला आधी घसा. ठरावीक क्रमाची वाट बघणाऱ्याला दोन्ही ठिकाणी उशीरच झाला असता.

या मिनिटांत आणखी एक चूक सहज होते, ती म्हणजे रुग्णाला उभं करणं. मूल घाबरलेलं असतं, त्याला उलटीसाठी मोरीपर्यंत चालवत नेतात, गाडीत बसवतात. पम्फ्रींनी २००३ मध्ये दाखवलं की इस्पितळाबाहेरच्या काही मृत्यूंत माणूस उठून बसला किंवा उभा राहिला आणि क्षणात कोसळला. उरलंसुरलं रक्त पायांत उतरतं आणि हृदय रिकामं पडतं. म्हणून आडवं झोपवायचं, पाय वर घ्यायचे. उलटी होत असेल तर कुशीवर. दम लागत असेल तर पाय पसरून बसवायचं. चालवायचं नाही.

नंतरचे महिने आणि वर्षं

१३ नोव्हेंबर २०१३ रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी एका केंद्रीय कायद्यावर सही केली. शाळांनी कोणा एका मुलाच्या नावाची नसलेली, कोणालाही देता येतील अशी अॅड्रेनलिनची इंजेक्शनं ठेवावीत, यासाठी राज्यांना त्यात उत्तेजन होतं. आपल्या थोरल्या मुलीला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, हे त्यांनी त्या वेळी सांगितलं. कॅलिफोर्नियाने पुढच्या वर्षी पुढचं पाऊल टाकलं आणि १ जानेवारी २०१५ पासून तिथल्या सरकारी शाळांना ही इंजेक्शनं ठेवणं बंधनकारक झालं. लंडनच्या मुलीच्या नावाचा ‘नताशाज लॉ’ १ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये लागू झाला. दुकानातच बनवून गुंडाळून ठेवलेल्या पदार्थावरही आता सगळे घटक छापावे लागतात.

फेब्रुवारी २०१५ मध्ये लॅक यांच्या गटाने जुन्या सल्ल्याचा निकाल लावला. तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेली ६४० बाळं, वय चार ते अकरा महिने. अर्ध्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, अर्ध्यांना वर्ज्य केले. सुरुवातीच्या त्वचाचाचणीत काही न निघालेल्या बाळांपैकी, पाच वर्षांची झाल्यावर, वर्ज्य केलेल्यांत १३.७ टक्क्यांना अॅलर्जी होती आणि खाल्लेल्यांत १.९ टक्क्यांना. २०१७ पासून अमेरिकेतला अधिकृत सल्लाही उलटा झाला: लवकर द्या; इसब तीव्र असेल तर डॉक्टरांना विचारून द्या. अर्थात अख्खा दाणा नव्हे, तो श्वासनलिकेत अडकतो. कूट किंवा पातळ केलेलं बटर.

सूचनाही बदलल्या. तीव्र अॅलर्जी असलेल्या मुलाच्या पोटात शेंगदाणा गेल्याची खात्री असेल, तर लक्षण दिसण्याआधीच इंजेक्शन द्यायचं का, हे आता डॉक्टर कागदावर आधीच लिहून देतात. निर्णय त्या वीस मिनिटांसाठी शिल्लक ठेवायचा नाही, हा त्यामागचा विचार.

आपल्या घरात

दाण्याचं कूट ज्या स्वयंपाकघरात मिठाच्या खालोखाल लागतं, तिथे शेंगदाण्याची अॅलर्जी कमी दिसते. भारतात अन्नाची अॅलर्जी एकूणच पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळली आहे. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे, आणि दुर्मीळ आजाराची ओळखही दुर्मीळच असते. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळायचं, हा घरचा इलाज नुसत्या खाजेपुरता ठीक आहे. पित्ताबरोबर खोकला, बसलेला आवाज, उलटी किंवा चक्कर असेल तर तो वेळ घालवणं आहे.

चोरवाटा आपल्याकडे जास्त. उपवासाची खिचडी आणि भगरीबरोबरची आमटी तर उघडच. पण हॉटेलातल्या ग्रेव्हीत, चटणीत, काजूऐवजी मिसळलेल्या पेस्टमध्ये, एकाच कढईत तळलेल्या फरसाणात शेंगदाणा सांगून येत नाही. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. हल्ली हौसेने आणल्या जाणाऱ्या लाकडी घाण्याच्या तेलात ते उरू शकतं. पाकिटबंद पदार्थांवर शेंगदाण्याचा उल्लेख असणं आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे, तेव्हा पाकीट उलटून वाचायचं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये नातवंडांकडे निघालेल्या आजी-आजोबांनी चिक्की आणि दाण्याचे लाडू बॅगेत भरण्याआधी एक फोन करून विचारावं. तिथल्या कितीतरी वर्गांत शेंगदाण्याला बंदी असते.

आणि झटका आलाच तर? पेनसारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही. अॅड्रेनलिनची एक मिलिग्रॅमची काचेची कुपी मात्र अगदी स्वस्त असते आणि छोट्या दवाखान्यातही असायला हवी. मात्रा वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, मुलाला एका वेळी फार तर ०.३ आणि मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. जागेलाही महत्त्व आहे. मुलांवरच्या १९९८ च्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेल्या औषधाची रक्तातली पातळी सरासरी ८ मिनिटांत शिखरावर पोचली, दंडाच्या कातडीखाली दिलेल्याची ३४ मिनिटांत. फरक नसल्यास पाच मिनिटांनी दुसरं द्यायचं. बरं वाटलं तरी काही तास इस्पितळात थांबायचं, कारण झटका उलटून येऊ शकतो.

आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत अशा रुग्णाला आधी अव्हिल हे हिस्टामिन अडवणारं आणि डेक्सा हे स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं जातं, कॉटवर झोपवलं जातं आणि म्हटलं जातं, बघू अर्ध्या तासाने. कॅम्प सॅक्रामेंटोतल्या बेनाड्रिलची जागा इथे ही दोन इंजेक्शनं घेतात. ती नंतर द्यायला हरकत नाही. आधी द्यायला आहे. तेव्हा १०८ ला फोन लावताना शब्द नेमके वापरा: अॅनाफिलॅक्सिस, शेंगदाणा, खाल्ल्याची वेळ. आणि दवाखान्याच्या दारातच विचारा: ‘डॉक्टर, अॅड्रेनलिन आहे का? पहिलं तेच द्याल का?’ डॉक्टरांना असं विचारणं आपल्याकडे उद्धटपणाचं वाटतं. तो उद्धटपणा करायचा, आणि मुलाला अजून काहीच होत नसताना करायचा.